खडवलीचा साग आणि शिलाईची टेप

वडिलांनी खडवलीला लावलेला साग आम्ही पहिल्यांदा विकला, तेव्हा शुद्ध गाढवपणा केला. डोंबिवलीहून रविवारी गेलो, बांधावर उभ्याने चहा प्यायलो आणि व्यापाऱ्याला उभी झाडं उक्ती देऊन टाकली. मोजमाप नाही, सगळा नजरेचा सौदा. त्याने भरदार, सरळसोट झाडं नेली. वाकडी आणि कोवळी तेवढी ठेवली. आई आठवडाभर आमच्याशी बोलली नाही.

काही वर्षांनी धाकटा भाऊ प्लॉटिंगवाल्याला जमीन दाखवून आला. म्हणाला, "ताई, उरलेली झाडं आता तू विकून बघ. या खेपेला नाही जमलं तर जागाच काढू." मला इतका राग आला की हातातल्या ब्लाऊजची बाही उलटी जोडली.

मी शिलाईचं काम करते. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, मग वडिलांची झाडं नजरेने कशी दिली? टेप घेऊन रानात गेले. छातीच्या उंचीवर एकेका झाडाचा घेर मोजला, गेरूने नंबर टाकले. वाकडी आणि दाटीत खुरटलेली कापायची, तेव्हाची कोवळी जी सरळ झाली होती ती वाढू द्यायची. वनखात्याच्या परवानगीसाठी चपला झिजवल्या, त्याचं रडगाणं नको. परवानगी आल्यावर झाडं पाडून ओंडके रचले आणि तीन व्यापाऱ्यांना एकाच सकाळी बोलावलं.

त्यात तो जुनाही होता. "बाई, हे जळण आहे," म्हणत त्याने मापाचा दोर ओंडक्याच्या बारीक टोकाला लावला. मी दोर काढला, टेप मधोमध गुंडाळली आणि आकडा मोठ्याने वाचला. बाकीचे दोघे लगेच लिहून घ्यायला लागले. मग बोली चढत गेली. शेवटी ते 'जळण' त्यानेच घेतलं, भरदार झाडांना दिले होते त्याहून जास्त पैसे मोजून. मी पोटभर हसले, त्याच्यासमोरच.

भावाने एका सरळ सागाला टेप गुंडाळून बघितली. हा कधी कापायचा, म्हणाला. तुझे केस पिकल्यावर, मी म्हटलं. त्याने तिथूनच प्लॉटिंगवाल्याला फोन करून नाही सांगितलं.

घरी आईने पैशांचं विचारलंच नाही. "सरळ किती राहिली?" एवढंच म्हणाली. मी वही उघडली. सगळे नंबर वाचून होईपर्यंत तिने आम्हाला जेवायला वाढलं नाही.