पालथी बशी

चहा पिऊन झाला की माणसं बशी खाली ठेवतात. आमच्या समोरचे अप्पा ती पालथी घालायचे, बुडाच्या खरबरीत कडेवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "घरातली सुरी आणा बघू." मग घर कुणाचं का असेना.

लग्न होऊन मी उमरग्याला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते आमच्याकडे चहाला आले होते. पाहुणा सुरी मागतोय म्हटल्यावर मी घाबरून आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे खासगी शाळेत मास्तर. म्हणाले, "दे, दे. त्याशिवाय ते उठायचे नाहीत."

अप्पांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. घराणं लिंगायत, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्यांच्या सुऱ्यांनी दोडक्यापलीकडे कुणाचं वाईट केलेलं नव्हतं. तरी धारेचा नाद असा की विचारू नका. त्यातही धार लावायचा दगड म्हणून कधी विकत आणला नाही. "घरात एवढं सामान पडलंय, दगड कशाला इकत घ्यायचा?" ह्या सामानात पाट्याची पाठ आली, उंबरा आला, फुटकी कौलं आली, नातवाची पाटीसुद्धा आली. शेवटचा हात कमरेच्या चामडी पट्ट्यावर. एकदा पट्टा सापडेना म्हणून त्यांनी सुरी वहाणेच्या तळाला घासली, तर अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या सुरीला कितीतरी दिवस स्वयंपाकघराची पायरी चढू दिली नाही. "साकु माड्री," अक्का कानडीत ओरडायच्या. पुरे करा आता. अप्पांना मराठी आणि कानडी दोन्ही चांगल्या कळायच्या, हे एक वाक्य सोडून.

धार लागली का, ते हातावरच्या केसांवर बघायचे. त्यामुळे त्यांचा डावा हात लहान मुलासारखा गुळगुळीत असे. स्वतःचे केस संपले की समोरच्याला म्हणायचे, "हात द्या जरा." आमचे हे त्यांच्याकडे जाताना भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घालून जात.

मात्र सुरी कधी कुणाच्या हातात देत नसत. हा रिवाज तुमच्याही घरी असेल. धारेची वस्तू हातोहात दिली तर दोघांत वैर येतं, म्हणून ती खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. आपण घाईत विसरतो. अप्पा विसरत नसत.

देश स्वतंत्र झाला आणि आम्ही निजामाच्या राज्यातच राहिलो, त्या वर्षीचा दसरा जवळ आला होता. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची असतात, त्या दिवशी त्यांना काम लावत नाहीत. म्हणून त्याआधी गल्लीतल्या सगळ्या विळ्या अप्पांच्या सोप्यात जमत. माझीही होती. दोन दिवस त्या घरातून खर्र खर्र आवाज येत होता. दिवस रझाकारांचे. कुणीतरी ठाण्यावर जाऊन सांगितलं, की कापडवाला हत्यारं परजतोय.

सकाळी मी विळी न्यायला गेले, तेवढ्यात जमादार आले, बरोबर दोन शिपाई. जमादार गावातलेच, पेठेच्या मागच्या अंगाला राहायचे. सोप्यात ओळीनं मांडलेल्या विळ्या त्यांनी बोटानं मोजल्या. मग एका शिपायाला म्हणाले, "उठाव." त्यानं पहिली विळी उचलली आणि अंगठा कापून घेतला. अक्कांनी हळद दाबली. दुसरा शिपाई आपणहून दाराबाहेर गर्दी हटवायला गेला.

"अप्पा, तुमीच देव मेरे हात में," जमादार म्हणाले.

अप्पांनी विळी उचलली आणि जमादारांच्या पायापुढं ठेवली. "घ्या."

"नीचे कायकू रखते? हात में देव."

"हातात न्हाय देणार, साहेब. वैर येतं."

"आता है तो आने देव."

"तुमची बदली हुईल. मला इथंच ऱ्हायचंय."

सरकारचा माणूस कापडवाल्यापुढं वाकणार कसा? आणि अप्पा हातात देणार नाहीत. विळी मध्ये पडून राहिली. जमादार म्हणाले, "फिर ठाणे पे चलो." अप्पा म्हणाले, "चला की. पर तिथं बी खालीच ठेवणार." मला मेलीला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. त्या दिवसांत ठाण्यावर गेलेला माणूस कधी परत येईल, ते घरच्यांना कुणी सांगत नसे. अक्का आत भाकरी बांधायला लागल्या होत्या.

पण दाराशी आलेल्याला चहा द्यायचा, हेही त्या घराचं वळण. अक्कांनी भाकरी बांधता बांधता चहा पाठवला. जमादारांनी तो घेतला, खिशातून सुपारी आणि चाकू काढला. चाकू सुपारीवरून नुसता घसरत होता. अप्पा बघत होते. तुरुंग समोर दिसत असताना हा माणूस दुसऱ्याच्या बोथट चाकूनं कासावीस झाला होता.

"काय हो ही धार, साहेब. आणा हिकडं." त्यांनी बशी पालथी घातली.

जमादारांनी चाकू मिटला नाही, पुढंही केला नाही. वाकून जमिनीवर ठेवला.

जमादारांनी आपल्याच हाताकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "हमारी अम्मा बी ऐसाच रखती जी."

धार लागली, चाकू खाली ठेवला गेला, त्यांनी उचलला. पण रिकाम्या हातानं ठाण्यावर कसं जायचं? म्हणून त्यांनी सगळ्यांत बोथट विळी मागितली. ती माझी निघाली. अक्कांनी फडक्यात गुंडाळून खाली ठेवली, जमादारांनी स्वतः वाकून घेतली आणि ते गेले. कितीतरी महिने मी सुरीनं कांदा चिरला. तक्रार केली तर अप्पा म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमची इळी सरकारात लागली. मास्तरास्नी बी जमलं न्हाय ते."

पुढच्या वर्षी राज्य बदललं. आनंद झाला, पेढे वाटले, ते सगळं खरं. पण सूड घ्यायचीही हवा सुटली होती. जमादारांची नोकरी गेली होती, कमरेचा सरकारी पट्टा गेला होता, ते दार लावून घरात बसलेले. चारपाच जण कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन अप्पांच्या ओट्यावर आले. म्हणाले, "अप्पा, धार लावून द्या. तुमच्या घरात घुसला व्हता न्हवं त्यो? तुमीच म्होरं चला."

त्या माणसानं धारेला नाही म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"न्हाय," अप्पा म्हणाले. "माजं त्येचं वैर न्हाय. म्या त्येच्या हातात कायबी दिल्यालं न्हाय."

माणसं हसली. अप्पा हसले नाहीत. वहाणा घालून पेठेमागं चालू लागले. आमचे हेही मागोमाग गेले, म्हणून पुढचं मला ठाऊक. जमादारांच्या दारात अप्पा फतकल मारून बसले आणि आत हाक दिली, "बशी द्या एक. आन घरात असतील नसतील तेवढ्या सुऱ्या." दार उघडेना. बऱ्याच वेळानं फटीतून एक बशी आली, मग एकेक सुरी, सगळ्या खाली ठेवलेल्या. ती माणसं आली तेव्हा अप्पा दाराच्या मधोमध बसून घासत होते. वर न बघता म्हणाले, "हात द्या जरा, धार बघू." कुणी हात पुढं केला नाही. त्यांना ओलांडून आत जायचंही कुणाला जमेना. थोडा वेळ घुटमळली आणि पांगली. अप्पा दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. सुऱ्या केव्हाच संपल्या होत्या. ह्यांनी सांगितलं, शेवटी ते उलथन्याला धार लावत होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अप्पा गेले. त्यांच्यात मयताला बसवून, फुलांनी सजवून नेतात. सकाळपासून अख्खी पेठ ओट्यासमोर बसली होती. जमादार आले, थोडे थबकले आणि पहिल्या रांगेत अप्पांच्या समोर बसले. भजन संपेपर्यंत बसून होते. कुणी त्यांना उठा म्हटलं नाही.