गोड्या पाण्याची माती

"काय सोडाल?"

रोगी दारात उभा राहिला की मातीवाले मास्तर त्याची नाडी पाहत नसत. ओला पंचा पिळत ते एवढेच विचारीत आणि उत्तर न सुचणाऱ्याला ते सुचेपर्यंत बाहेर उन्हात बसवीत. साक्षीदाराला असा सूचक प्रश्न कोणतेही न्यायालय विचारू देणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

"म्हणजे तुम्हाला भांडण सोडावं लागणार," ते म्हणाले.

भाईंदरहून मुर्ध्याकडे जाणाऱ्या वाटेवर, मिठागरांच्या कडेला त्यांची झोपडी होती. स्वातंत्र्यापूर्वीची गोष्ट. डॉक्टरांनी हात टेकलेली जुनाट दुखणी तेथे येत. औषध असे नव्हतेच. पोटावर मातीची पट्टी, कमरेइतक्या गार पाण्यात बैठक, ऊन, उपास आणि ताक. माझे आम्लपित्त ठाण्याच्या कोर्टातील माझ्या वकिलीइतकेच जुने होते. मीठखाते, रेल्वे, पोस्ट आणि शेजारी यांच्याविरुद्ध मी केलेल्या अर्जांची हकीकत ऐकून मास्तरांनी निदान केले.

"नानासाहेब, दुखणं पोटात नाही, टाकात आहे. बरं वाटेपर्यंत एकही ओळ लिहायची नाही."

अर्ज करण्याचा प्रजाजनाचा अधिकार पोटाच्या कारणास्तव हिरावून घेता येतो काय, हा प्रश्न मी उपस्थित केला. त्यांनी माझ्या पोटावर माती थापली. वाचकहो, त्या अवस्थेत युक्तिवाद करून पाहा.

गुडघ्यांसाठी मुर्ध्याची एक कोळीण येई. तिलाही तोच प्रश्न.

"सुकी मासली सोडीन. नवऱ्याला पन सोडीन, मास्तर. चाय न्हाय सोडायची!"

तिचा चहा त्यांनी राहू दिला. मला अर्धा कपही नाही. या पक्षपाताचा मी निषेध केला. अर्थात तोंडी.

एकदा एका कृतज्ञ मिठागरवाल्याने गाडीभर काळीभोर माती आणून टाकली. मास्तरांनी ती हर्षभराने तशीच आम्हा सर्वांच्या पोटांवर बांधली, स्वतःच्याही. थोड्याच वेळात सारे खाजवत, ओरडत उठलो. माती मिठाने मुरलेली होती. "तुमचं लोणचं घातलं मी," मास्तर स्वतःचे पोट चोळत म्हणाले. तेव्हापासून चिमूटभर मातीसुद्धा गोड्या पाण्यात दिवसचे दिवस धुतल्याशिवाय कोणाच्या अंगाला लागली नाही. त्या खाऱ्या मुलखात जवळ गोड्या पाण्याची विहीर एकच होती, शेजारच्या जमीनदाराच्या वाडीत. मास्तर वर्षानुवर्षे तिचेच पाणी भरत.

त्या जमीनदाराने एके दिवशी विहिरीला कुंपण घातले.

कायदा अगदी स्वच्छ होता. विहिरीची मालकी कोणाची, हा प्रश्न उद्भवतच नव्हता. चालू वापर बेकायदा अडवला, एवढे सिद्ध करणे पुरे. सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे दाद मागायची. अर्जदार मात्र मास्तरच हवेत. मी टाक उचलण्याची परवानगी मागितली.

"नाही. आता कुठे तुमची जळजळ थांबलीये. ठाण्याला खेपा घालाल, उलटतपासण्या कराल, परत सगळं घशाशी येईल."

"मग दुसरा वकील गाठा!"

"त्याला तुम्ही लिहू द्याल?"

मी आपण होऊन बाहेर उन्हात जाऊन बसलो.

काही दिवस रोग्यांनीच गावातून पाणी आणले. एका सकाळी ती कोळीण डोक्यावर हंडा घेऊन लंगडत आली. मास्तर धावत पुढे झाले, हंडा उतरवून घेतला आणि भडकले. त्यांना भडकलेले मी तेवढेच पाहिले.

"गुडघ्यांसाठी माती, आणि मातीसाठी गुडघे मोडतेस, बाय?"

"माजे गुडगे हायत. मी काय पन करीन!"

"माझ्या दारात नाही."

त्या दिवशी त्यांनी उपचार बंद केले. अर्ज करू दिलात तर झोपडी वाचेल, असे मी त्यांना रोज सुनावले. मुदत उलटली तेव्हा त्यांनी बैलगाडी सांगितली.

मातीच्या पट्ट्यांचे धुतलेले कापड अजून ओले होते. ते गाडीच्या खुंट्यांना बांधलेले, वाटेने वाळत चाललेले. मी स्टेशनच्या रस्त्यावर गाडी अडवली आणि झोपी गेलेल्याला कायदा मदत करीत नाही, हे तत्त्व भर रस्त्यात मोठ्याने ऐकवले. त्यांनी शांतपणे वाकून माझ्या पोटावर तळवा दाबला.

"दुखतंय?"

"नाही."

"संध्याकाळी फक्त ताक घ्या."

गाडी हलली. मी संतापून नवघरला घरी परतलो आणि संध्याकाळी ताक प्यालो. एवढ्या ढळढळीत अन्यायानंतर ते घशाशी यावयास हवे होते. आले नाही.