वाळवंटात उतार करणाऱ्या मयेकर सिस्टर

मयेकर सिस्टरांची आणि माझी ओळख रत्नागिरीत झाली नाही, मस्कतच्या विमानतळावर झाली. रत्नागिरीत त्यांना न ओळखणारा माणूस शोधावा लागेल, हे मला नंतर कळलं. मी राजापूरकडचा, नाटे गावचा. सातवीत शाळा सोडली, मग होडीवर, मग गोव्याला, मग इकडे आखातात. एका जागी माझं बूड फार दिवस टेकत नाही. त्या वेळी मी मस्कतमध्ये पाणी पुरवणाऱ्या एका कंपनीची पिकअप चालवत होतो. मुलांच्या संस्थांना मदत मिळावी म्हणून मस्कत ते सलाला अशी सायकल मोहीम निघणार होती. तिच्यासाठी कंपनीने गाडी दिली आणि गाडीबरोबर मलाही देऊन टाकलं.

"इंडियाचा एक सायकलवाला येतोय, घेऊन ये," एवढंच मला सांगितलेलं. मी कोणा तगड्या पोराला शोधत होतो. समोर उभ्या होत्या साठीला आलेल्या एक बाई. साधा पंजाबी ड्रेस, पांढरा अंबाडा आणि शेजारी काथ्याच्या दोरीने आवळलेला भलामोठा खोका. मी हिंदीत नाव विचारलं.

"कुठला रे तू?" त्यांनी मराठीतच विचारलं.

"नाट्याचा."

"तरीच. हिंदीसुद्धा होडीतून उतरल्यासारखी बोलतोस. उचल तो खोका. आणि जपून हो मेल्या, आत माझी सायकल आहे."

सिस्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे वाचक सिस्टरांचं काम माझ्यापेक्षा जास्त जाणतात. सगळी नोकरी त्यांनी आरोग्यसेविका म्हणून केली. लसींचा डबा कॅरिअरला बांधून वाड्यावाड्यांवर सायकलने गेल्या. निवृत्त झाल्या, तरी सायकल निवृत्त केली नाही. रत्नागिरीजवळच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत त्या रोज जाऊ लागल्या. त्या मुलांना कानाची यंत्रं हवी होती. आमच्या मोहिमेत प्रत्येकजण आपापल्या आवडीच्या मुलांच्या संस्थेसाठी सायकल चालवणार होता. सिस्टरांनी आपली शाळा धरली. मस्कतमधले एक कोकणी शेठ पुढे आले. त्यांचा शब्द सरळ होता. बाईंनी सगळा रस्ता गाडीत न बसता पार केला, तर शाळेतल्या प्रत्येक मुलाला यंत्र. मध्ये गाडीत बसल्या, तर शेठ त्यांच्या परतीच्या तिकिटाचं बघतील, बाकी काही नाही.

पहिला टप्पा डोंगरातला होता. तिथे सिस्टरांनी भल्याभल्यांची हवा काढली. पुण्याचा एक तरुण इंजिनिअर होता, भारीतली सायकल, भारीतले बूट. चढावर तो सायकलवरून उतरला आणि सिस्टर त्याच्या बाजूने पुढे गेल्या. "काय रे, साखळी पडली की तू पडलास?" एवढं विचारायला तेवढ्या थांबल्या.

पण डोंगर संपले आणि वाळवंट लागलं. नजर जाईल तिथपर्यंत सरळ रस्ता, आणि वारा समोरून. त्या दिवशी मुक्कामाला सगळ्यात शेवटी सिस्टर पोचल्या, लंगडत. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, तेव्हा मला त्या रस्त्याच्या कडेला बसलेल्या दिसल्या. गुडघ्यावर पाणी ओतत होत्या.

मी गाडी थांबवली. "सिस्टर, बसा. बराच रस्ता झालाय. शेठना आपण सांगू, अर्धी यंत्रं तरी द्या म्हणून."

त्यांनी मान वर केली. "मग कुठल्या अर्ध्या मुलांना ऐकू येऊ दे? तूच सांग. नावं घे."

मी पाण्याचा कॅन काढून त्यांच्याजवळ ठेवला. त्याच मग गुडघा चोळता चोळता आपल्याशीच बोलू लागल्या. "माझं चुकलं कुठे ते आता कळतंय. मी तयारी केली आपल्या रस्त्यांवर. सड्यावर चढायचं, खाडीकडे उतरायचं. जीव काढून चढ चढला की पुढे फुकटचा उतार असतोच. नुसतं बसायचं, पाय सोडायचे. माझे पाय सकाळपासून त्या उताराची वाट बघतायत रे! आणि इथे उतार येतच नाही."

खरं सांगतो, ही चूक आपल्या कोकणातल्या माणसाचीच. सपाटी म्हणजे सोपं, असंच आपल्याला वाटतं. सपाट रस्त्यावर एक क्षणही पाय थांबवता येत नाहीत, हे आपल्या ध्यानातच येत नाही. कारण सपाट रस्ता आपण बघितलेलाच नसतो.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? देवाने उतार केला नाही, तर आपण करायचा." असं म्हणून त्या उठल्या, सायकलीचं हँडल धरलं आणि सायकल ढकलत चालू लागल्या. पाय मोकळे झाले की बसायचं. मांड्या भरून आल्या की पुन्हा उतरून चालायचं.

मोहिमेचे प्रमुख सालेम मागून गाडीने आले. हे ओमानी गृहस्थ हिंदी छान बोलायचे. ते खाली उतरले. "बाई, ही सायकलची मोहीम आहे. तुम्ही चालताय!"

"चाकं रस्त्यावर आहेत, मी चाकांजवळ आहे, आणि गाडीत कोणी बसलेलं नाही. तुमचा नियम यातला कुठला मोडला?"

सालेमनी दाढी खाजवली. मग मोठ्याने हसले. "चालणं बंद असं कुठे म्हटलेलं नाही खरं. पण दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, तो नियम तुम्हालाही आहे."

"मावळू दे की त्याला. त्याच्या आधी मी पोचते."

तेव्हापासून सिस्टर सगळ्यांच्या आधी पहाटेच निघू लागल्या. इंजिनिअरसाहेबांनी पहिल्या दिवशी टोमणा मारून घेतला, "सिस्टर, सायकलीला फिरायला आणलंत का?"

"हो. तुझी तुला फिरवतेय, त्यापेक्षा हे बरं. आरशात तोंड बघ जरा."

पुढे साहेबांचेही पाय बोलू लागले. तेसुद्धा उतरून सिस्टरांच्या बाजूने चालायला लागले. मग आणखी दोघं. मागून कोणी आलं की ओरडायचं, "उतार आला का, सिस्टर?" आणि सिस्टर सायकलवरून उतरत म्हणायच्या, "आला, आला!" अख्ख्या मोहिमेची ती हाकच होऊन गेली.

मुक्कामाला पोचल्यावर माणूस आडवा होतो. सिस्टर आपली औषधांची पेटी उघडायच्या. एका ठिकाणी रस्त्याचं काम करणारे मजूर तंबूत राहत होते. त्यातल्या एका बंगाली पोराची टाच फाटून पू झाला होता. भाषा एकमेकांची कळत नव्हती. सिस्टरांनी ती जखम धुतली, पट्टी बांधली, आणि मालवणी, हिंदी, खाणाखुणा करून त्याच्या मुकादमाला असं काही झापलं की मुकादमाने त्याला दोन दिवस बसून करायचं काम दिलं.

मलाही त्यांनी सोडलं नाही. "किती नोकऱ्या सोडल्यास आतापर्यंत?"

"मोजल्या नाहीत, सिस्टर."

"सोड खुशाल. पण आधी दुसरी धर, मग पहिली सोड. दोन्ही हात सोडून सायकल चालवणारे माझ्याकडेच यायचे टाके घालायला."

मी ती पिकअपची नोकरी सोडलीच. पण दुसरी धरून सोडली. त्या शब्दाचा माझ्यावर एवढा परिणाम झाला, हे माझ्या आईलासुद्धा खरं वाटत नाही.

शेवटच्या दिवशी वारा असा सुटला की सायकली आडव्या होत होत्या. सलालाच्या किनाऱ्यावर दिवस मावळायच्या आत पोचायचं होतं आणि सिस्टर सगळ्यांच्या मागे होत्या. मी मागून गाडी चालवत होतो आणि सारखा सूर्याकडे बघत होतो. दुपार कलली तसा पुढे डोंगर दिसू लागला. चढ लागला. चढ बघून बाकीच्यांचे चेहरे पडले, सिस्टरांचा उजळला. सीटवरून उठून, उभ्यानेच पायडल मारत त्यांनी एकेकाला मागे टाकलं. माथ्यावर पोचल्या आणि खाली बघितलं. वळणावळणाचा घाट, आणि पार तळाशी समुद्र.

"आला रे!" असं ओरडून त्यांनी सायकल सोडली. मला गाडीने त्यांना गाठता येईना. सालेम आपल्या गाडीच्या खिडकीतून डोकं काढून "ब्रेक! ब्रेक!" म्हणून बोंबलत होते. सिस्टर वळणावर वाकत होत्या, सरळ होत होत्या, आणि त्यांचा पांढरा अंबाडा सुटून मागे उडत होता. खाली नारळाची झाडं दिसली, तेव्हा त्यांच्या पुढे एकही सायकल नव्हती.

किनाऱ्यावर शेठ उभे होते. त्यांनी आधी मला बाजूला घेतलं. "खरं सांग. बसल्या होत्या गाडीत?"

"शेठ, माझ्या गाडीत पाण्याच्या कॅनशिवाय कोणी बसलेलं नाही." सालेमनीही मान डोलावली. शेठनी सिस्टरांना वाकून नमस्कार केला. सूर्य अजून दोन हात वर होता.

सिस्टरांनी शाळेत व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मुलं अंगणात उभी होती. टाळ्यांचा आवाज त्या मुलांच्या काय कामाचा? ती दोन्ही हात वर करून पंजे हलवतात, ती त्यांची टाळी. सिस्टरांनी वाळूत सायकल टाकली आणि आपले दोन्ही हात वर केले. मग सालेमनी केले, इंजिनिअरसाहेबांनी केले, शेठनी केले. एवढी माणसं एकही आवाज न करता जिंकल्याचा आनंद करताना मी कधी बघितली नव्हती.

यंत्रं शाळेत पोचली. शाळेच्या बाई फोनवर सांगतात, आता फाटकाशी सिस्टरांच्या सायकलची घंटी वाजली की कितीतरी माना तिकडे वळतात.

सिस्टरांनी साठी पूर्ण केली. मला लिहायची सवय नाही, पण त्यांनी हुकूम सोडला, "तू लिहिलंस तर वाचीन. बाकीच्यांचे नुसते फोटो बघीन." म्हणून हे लिहिलं. शेवटी आमच्याकडे देवाला घालतात तसं लांबूनच गाऱ्हाणं घालतो, तुम्ही सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. गावच्या देवा महाराजा, मयेकर सिस्टरांना उदंड आयुष्य दे, गुडघे धड ठेव, त्यांच्या वाटेत कोणी आडवं येत असेल तर त्याला बाजूला कर, आणि ती घंटी त्या पोरांच्या कानांवर वर्षानुवर्षं पडत राहू दे रे महाराजा. व्हय महाराजा!