दुर्गाबाईंचा पाहण्याचा कार्यक्रम

दुर्गाबाईंच्या चष्म्यावर मी बसलो. खुर्चीत चष्मा ठेवू नये हे खरं, पण बसण्याआधी माणसानं खाली पाहावं हेही खरं. त्यात मुहूर्त असा साधला, की दीपमालेला पाहायला पाहुणे अकोल्याहून निघाले होते.

दुर्गाबाई दर्यापुरातल्या माझ्या शेजारीण. अंगणवाडीत मदतनीस होत्या. भावजय गेल्यावर तिची दीपमाला त्यांनीच वाढवली. पोरगी आता अमरावतीला नर्स आहे. आजवर बरेच पाहुणे पोहे खाऊन, तिला उभी-आडवी न्याहाळून गेले. "आत्या, हे शेवटचं. यापुढं मी कोणासमोर बसणार नाही," असं तिनं बजावलं होतं.

"आता चष्म्याबगर पोरगा कसा पाहू मी?" दुर्गाबाई कावल्या.

"मी सांगतो ना! फोटोत तर लूक झकास आहे."

"लूक म्हंजे?"

मी खुललो. म्हटलं, इंग्रजीत पाहणारा लूक करतो आणि दिसणाराही लूकच करतो. शेपटीला 'फॉर' लावलं की शोधणं, 'आफ्टर' लावलं की सांभाळणं.

"सारं एकाच शब्दात? मंग सायबाच्या पोरी पाहाले कोन जात असन?"

तेवढ्यात पाहुणे आलेच. धम्मदीप, त्याची आई आणि मामा केशवराव. जयभीम झाला, पोहे झाले. मग केशवरावांनी मिशी पुसली. "पोरीले जरा चालून दाखवाले सांगा."

दीपमालेनं हातातला ट्रे खाली ठेवला. आता ही उठून आत जाते आणि सगळं संपतं, असं मला वाटलं.

"चालते ना," दुर्गाबाई म्हणाल्या. "धम्मदीप, तूबी ऊठ बाबू. या भाऊनं माहा चष्मा मोडला. दोघंबी बाजारात जा अन् दुरुस्त करून आना."

केशवरावांना ठसका लागला. धम्मदीपनं आईकडे पाहिलं, मग चष्म्याकडे, आणि मुकाट्यानं चपला घातल्या.

दोघं परतली तेव्हा चहाचा दुसरा कप झाला होता. वाटेतच भांडण जुंपलेलं. "लाल फ्रेम? आत्याले?" दीपमाला म्हणत होती, "तुमची पसंती पाहून दुकानदारबी हसला!" अन् तीही हसत होती. मोठ्यानं. पाहुण्यांसमोर तिला हसताना मी प्रथमच पाहिलं.

निघताना केशवरावांनी विचारलं, "मंग, पसंत हाय ना?" दुर्गाबाई कपबशा गोळा करू लागल्या. जीप गेल्यावर मला राहवेना.

"बाई, तुम्ही तर मुलगा धड पाहिलाही नाही. आता हो म्हणणार की नाही?"

"मले का त्याच्यासंगं नांदा लागते? तिले इचारा!"