गिटारच्या रेकॉर्डिंगमधली ढोलकी

इथे लोक लिहितात ते गूढ अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि – राग मानू नका – बऱ्याचदा हसते. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच भूतखेत, नवस, उतारे असलं सगळं घराबाहेर गेलं, ते परत आलं नाही. त्यात मी खराडीच्या एका आयटी कंपनीत टेस्टर. कोणी "असं झालं" म्हणालं की आधी खात्री करायची, हीच माझी नोकरी. तरी आज मीच लिहायला बसले आहे... तुम्हीही खुशाल हसा.

स्मार्टफोन अजून सगळ्यांच्या खिशात आले नव्हते, तेव्हाची गोष्ट. आम्ही नुकतेच येरवड्याहून वारज्याला आलो होतो. घरात मी आणि बाबा, दोघंच. आई मी कॉलेजात असतानाच गेली. बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. मी सकाळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला निघून जायची आणि बाबा दिवसभर गॅलरीत. येरवड्यात दारातून बाहेर पाऊल टाकलं की चारजण "काय मधुकरराव" म्हणायचे. इथे लिफ्टमध्येसुद्धा माणसं भिंतीकडे बघतात. बाबा तक्रार करत नव्हते. पण बोलणं कमी होत चाललं होतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटायची.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नव्हती – गिटार. लाल रंगाची, जागोजागी टवके उडालेली इलेक्ट्रिक गिटार. तरुणपणी ते भीमगीतांच्या एका गायनपार्टीत वाजवायचे. जयंतीचे कार्यक्रम, वस्त्यावस्त्यांतून स्टेज. गिटारवर बाबा आणि ढोलकीवर दिवाकरकाका. हे काका मूळचे भंडाऱ्याकडचे, पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात कामाला. नव्वदनंतर तो कारखाना बंद पडला, काका मिळेल ते घेऊन गावी परतले आणि पार्टीही मोडली. भांडण नाही, काही नाही. सुरुवातीला पत्रं, मग एखादा फोन, मग नंबर बदलले... राहून गेलं ते राहूनच गेलं.

वारज्यात गिटारचीही पंचाईत झाली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा वर येऊन अगदी शांतपणे म्हणाले, "आपण छान वाजवता. फक्त आधी सांगत जा, म्हणजे आम्ही तेवढा वेळ बाहेर जाऊन येऊ." त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरने धूर सोडला आणि प्रश्नच मिटला. अ‍ॅम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसती डासाची गुणगुण.

ऑफिसात माझी चिडचिड ऐकून ऐकून कंटाळलेल्या एका मित्राने ऑनसाइटहून, म्हणजे परदेशातल्या कामावरून, परतताना माझ्यासाठी एक किट आणलं. काडेपेटीएवढं सर्किट, चार वायरी आणि यूएसबीचं सॉकेट. गिटारच्या मागचं झाकण उघडायचं, आतल्या वायरी या सर्किटला सोल्डर करायच्या आणि जिथे पूर्वी जाडी पिन घुसायची त्या भोकात हे सॉकेट बसवायचं. मग गिटार सरळ लॅपटॉपला जोडा, कानाला हेडफोन लावा, वाटेल तेवढं वाजवा. शेजारी सुखी, आपण सुखी.

बाबांनी ते सर्किट उलटसुलट बघितलं आणि कपाटावरून सोल्डरिंगचं सामान काढलं. खूप दिवसांनी त्यांच्या हाताला काम आलं होतं. "तू फक्त माहितीपत्रक वाच. हात लावू नकोस." मी वाचत गेले, ते जोडत गेले. पहिल्यांदा लॅपटॉपने गिटारला ओळखच दिली नाही. बाबांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, "काळी वायर कुठे म्हणालीस?" मी ओळ चुकीची वाचली होती! वायरी बदलल्या, बारकासा हिरवा दिवा लागला आणि आम्ही दोघं लहान मुलांसारखे ओरडलो.

रविवार होता, सकाळची वेळ. कुकरमध्ये मटण लावलं होतं. मी रेकॉर्डिंग सुरू करून दिलं आणि कांदा चिरायला आत गेले. बाबांनी हेडफोन लावून त्यांची स्वतःची एक धून सुरू केली. ही धून त्यांनी रिटायर झाल्यावर बसवलेली. शब्द नाहीत, नाव नाही, घराबाहेर कुठे वाजवलेली नाही. मला स्वयंपाकघरात तारांची बारीक खरखर तेवढी ऐकू येत होती. डोकावले तर बाबा डोळे मिटून हसत होते, आणि मधूनच डावीकडे मान वळवून "वा" म्हणत होते. मला वाटलं, रंगलेत.

तेवढ्यात बेल वाजली. खालचे गृहस्थ! "आज काहीच आवाज नाही, म्हणून म्हटलं बघून यावं. बरे आहात ना?" बाबांनी हेडफोन काढून त्यांना गिटार दाखवली, हिरवा दिवा दाखवला, त्यांना वाटेला लावलं आणि परत येऊन धून जिथे सोडली होती तिथूनच पुढे वाजवली.

जेवायला बसता बसता मी ते रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं.

गिटार सुरेख आली होती. आणि तिच्यासोबत ढोलकी होती.

अस्पष्ट वगैरे नाही हो... स्वच्छ, भरदार, शेजारी बसून वाजवल्यासारखी. मी बाबांकडे बघितलं. ते आरामात म्हणाले, "ही ढोलकी तू कुठून लावलीस गं? मघापासून विचारणार होतो. फार छान साथ आहे."

"मी कुठे काय लावलंय?"

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये ती जागा आली, जिथे बेल वाजली होती. गिटार थांबली. ढोलकी थांबली नाही. ती हलकी झाली, नुसता ठेका धरून राहिली, जसा साथीदार गायकाने पाणी प्यायला घेतलं की वाट बघत वाजवत राहतो. मग गिटार आली आणि ढोलकीने एक जोरदार उठान घेऊन तिला उचलून घेतलं.

सवयीप्रमाणे मी तपासत बसले. लॅपटॉपचा माइक बंद होता. रेकॉर्डिंगमध्ये ना बेल होती, ना कुकरची शिट्टी, ना त्या गृहस्थांचा आवाज. गिटारमधल्या चुंबकांना फक्त लोखंडी तारांची थरथर कळते, खोलीतला आवाज नाही. सॉफ्टवेअरमध्ये तयार ताल नव्हते. कधीकधी गिटारमध्ये रेडिओ घुसतो म्हणतात, पण रेडिओ कोणासाठी थांबत नाही.

बाबांनी तो तुकडा परत लावायला सांगितला. "समेवर यायच्या आधी ती टिचकी ऐकलीस? पार्टीत सगळे तिला हसायचे. दिवाकर सोडून कोणी मारत नाही ती." जेवण तसंच राहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं... माणूस असा येतो तो कधी येतो?

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. बाबांनी भंडाऱ्याच्या एक्स्चेंजमधला एक जुना ओळखीचा माणूस गाठला आणि दुपारपर्यंत नंबर मिळाला. पण फोन मलाच लावायला सांगितला. स्वतः गॅलरीकडे तोंड करून उभे राहिले.

"दिवाकरकाका आहेत का?" मी विचारलं.

"कोण बोलून राहिलं जी?"

"मी पुण्याहून... मधुकररावांची मुलगी."

पलीकडून घाबरा आवाज, "तो बरा हाय ना व?"

मला रडू आलं आणि हसूही. म्हटलं, "काका, आम्हीच तुम्हाला ते विचारायला फोन केलाय!" बाबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. मग काय, तासभर फोन खाली नाही. मधेच बाबांनी विचारलं, "रविवारी सकाळी काय करत होतास रे?" काका म्हणाले, "मी तं न्हाव्याकडे दाढी करून घेत होतो. काऊन?"

पुढच्याच आठवड्यात काका पुण्यात हजर. पांढरे केस, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. स्टेशनवर दोघं एकमेकांच्या तब्येतीला नावं ठेवत चालत होते, आणि बाबांची बडबड थांबत नव्हती. मी तेवढ्यानेच भरून पावले. घरी आल्याआल्या रेकॉर्डिंग लावलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं, परत ऐकलं. घाबरले बिबरले नाहीत. म्हणाले, "हात माहाच हाय बे. पण हे गाणं तं मले माहीतच नाही. अन् पुणं सोडल्यापासून मी ढोलकीले हात नाही लावला."

त्यानंतर आम्ही तसंच रेकॉर्डिंग कितीदा करून पाहिलं – तीच गिटार, तीच वायर, कुकरसुद्धा लावला! फक्त गिटारच येते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका ओळखीच्याला फाइल ऐकवली, तर त्याने ढोलकीवाल्याचा नंबर मागितला. मला आजही याचं उत्तर माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा, पण "भास" म्हणू नका. फाइल माझ्याकडे आहे.

आता काका वर्षातून दोनतीनदा येऊन राहतात. येरवड्यातून एक ढोलकी मागून आणली आहे. बोटं आखडलेली, पूर्वीसारखी पडत नाहीत, म्हणून ते हेडफोन लावून त्या रेकॉर्डिंगवरून शिकतात. स्वतःच्याच हाताचं वाजवणं! एक जागा त्यांना काही केल्या जमत नाही. परवा वैतागून लॅपटॉपवरच ओरडले, "हळू वाजव ना बे जरासा!"

आतून बाबांचा आवाज आला, "मी इतकी वर्षं सांगत होतो, माझं ऐकलं नाही त्याने. तुझं ऐकणार आहे का?"