शेठना न येणारा वास

"अजून वाढवा, मॅडम. वासच नाय येत!"

म्हात्रेशेठनी वासाची कागदी पट्टी जवळजवळ नाकात घातली होती. माझे डोळे चुरचुरत होते. शेजारी आमचे साहेब, देसाई सर, नाकाला रुमाल लावून "नक्की वाढवू, शेठ" म्हणत होते. मी मनात म्हटलं, आता वाढवलं तर फायर ब्रिगेड बोलवावी लागेल.

मी परफ्युमर आहे. अगरबत्ती, पावडर, साबण यांना जो सुगंध असतो, तो मी जुळवते. पनवेलला आमची छोटीशी लॅब आहे. लोकांना वाटतं, काय मजेचं काम, दिवसभर फुलं हुंगायची! अहो, दिवसभर बाटल्या हुंगायच्या, आणि संध्याकाळी घरी फोडणी करपली तरी कळत नाही.

शेठची पळस्प्याला अगरबत्तीची फॅक्टरी. त्यांना नवीन अगरबत्ती हवी होती, नाव 'माहेर'. ब्रीफ, म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवंय ते, एका वाक्याचं: "पेटवली की बाईला म्हायेरी गेल्यासारखं वाटलं पायजे." झालं! करा आता तयार.

वासाने मूड बदलतो हे खरं, पण ज्याचा त्याचा वेगळा. मोगऱ्याने लोकांना लग्न आठवतं. मला कार्यालयातली जेवणाची न हलणारी रांग आठवते. वाळा म्हणजे दुपारची झोप. लॅव्हेंडर माझ्या दातांच्या डॉक्टरकडे फवारतात, त्यामुळे तो आला की माझी दाढ ठणकते. पॅकिंगमधल्या नयनाला विचारलं, तुझ्या माहेरचा वास कोणता? ती उरणची कोळीण. म्हणाली, "आमच्या अंगणात सुकट वालत असायची. ती टाकणार काय?"

शेवटी मी चंदन घेतलं, जरासा केवडा, आणि खाली, म्हणजे शेवटपर्यंत रेंगाळायला, मस्क. मस्क म्हणजे पूर्वीची कस्तुरी. आता ती रसायनांपासून बनवतात. उन्हात वाळलेल्या सुती साडीसारखा उबदार वास. मला तर त्याने कुणाच्या तरी कुशीत शिरल्यासारखं वाटतं. नयनालाही आवडला. शेठ म्हणाले, "चंदन झकास. पन म्हायेर कुठंय? खाली नुसतं पानी हाय."

मग मस्क वाढवला. "नाय येत." पुन्हा वाढवला. "नाय येत." लॅबमधल्या माझ्या दोघी असिस्टंट डोकं धरून बसल्या. देसाई सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शेठ गेले तर ही लॅब परवडायची नाही. मुंबईहून सुगंधाचं तयार कंपाउंड मागवू. मग तू आणि तुझ्या त्या दोघी..." पुढचं त्यांनी गिळलं.

"सर, ही अगरबत्ती पेटवली तर घरातली माणसं बाहेर पळतील!"

"पळू दे. क्लायंटला नाही म्हणायचं नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन बायकांची नोकरी एका माणसाच्या नाकावर, आणि ते नाक म्हणतंय पाणी! घरी जाताना रिक्षात धुसफुसत बसले होते, तेव्हा एकदम लक्षात आलं. शेठना चंदन बरोबर कळतं, केवडाही कळतो. फक्त मस्क नाही. काही चांगल्या नाकांनाही एखादा मस्क अजिबात येत नाही. तो आजार नव्हे, जन्मजात तसं असतं. आणि ज्याला येत नाही, त्याला तो बादलीभर ओतला तरी येत नाही.

पुढच्या खेपेला शेठबरोबर त्यांच्या मिसेस, वंदनावहिनी होत्या. चिरनेरला साखरपुड्याला निघाले होते. मी तीन पट्ट्या पुढे ठेवल्या. एकीवर मस्क, दोन कोऱ्या.

"शेठ, यातली वासाची कोणती?"

देसाई सर डोळे वटारून बघत होते. शेठनी ऐटीत एक उचलली. "ही! घमघमतेय."

"ती कोरी आहे."

पट्ट्या पिसून पुन्हा दिल्या. पुन्हा कोरीच. शेठचा चेहरा पडला. "म्हंजे माजं नाक गेलं?"

"नाही हो! चंदन ओळखावं तर तुम्हीच. हा एकच वास तुम्हाला येत नाही."

"असं कधी असतं काय? वंदे, तू बघ."

वहिनींनी मस्कची पट्टी हातात घेतली आणि लगेच लांब धरली. "अगो बाई, हा तर आपल्या घरातला वास! तुमी सगल्या अगरबत्त्यांत वाढवायला लावता ना, तोच. यानंच माजं डोकं दुखतं."

"मग सांगायचं नाय?"

"लग्न झाल्यापासून सांगते. तुमी म्हनता, तुला सर्दी झाली आसंल."

 वहिनी आता थांबणार नव्हत्या. "म्हायेरी गेले की दुखायचं थांबतं. म्हनून तर सारखी जाते. तुमाला वाटतं, आईची आठवन येते!"

शेठनी वहिनींच्या हातातली पट्टी घेऊन पुन्हा एकदा हुंगून पाहिली. मग ती वहिनींपुढे सरकवत हळूच म्हणाले, "तूच सांग मॅडमना, किती टाकायचं."

वहिनींनी मस्क माझ्या पहिल्या सॅम्पलपेक्षाही कमी करायला लावला. ऑर्डर आली. लॅब राहिली, आम्ही तिघी राहिलो. क्लायंटला नाही म्हणायचं नाही, हे देसाई सर अजूनही म्हणतात. म्हणोत बापडे. मी आता ब्रीफ घेतानाच विचारते, हा वास घरात दिवसभर सोसायचा कुणाला आहे? आधी तिला घेऊन या.