डावीताईचा उजवा पाय

बर्फावर स्केटिंग करायच्या रिंकवरची पोरं तिला डावीताई म्हणत, आणि हे नाव तिने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं होतं. "डावा आधी, आणि दुप्पट!" हे ती दिवसातून शंभरदा तरी म्हणायची. उजव्या पायावर एक वळण घेतलंत तर डाव्यावर दोन घ्या, कच्ची बाजू रडली तरी सोडू नका, असं तिचं सांगणं. पोरं तिची नक्कल करायची आणि करता करता शिकूनही जायची.

अकरा वर्षं ती तिथे मदतनीस होती. मदतनीस म्हणजे लहानांच्या बुटांच्या नाड्या आवळायच्या, स्केट्सची पाती पुसायची, पडलेल्याला उचलून कडेला आणायचं. खरं तर शिकवायचीही तीच. पाटीवर नाव मात्र प्रशिक्षकांचं. तिला स्वतःचा गट मिळायचा तर परीक्षेचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

अडलं होतं ते तीनच्या वळणावर. एका पायावर पुढे जाता जाता तोल न सोडता त्याच पायावर मागे वळायचं. नीट जमलं तर बर्फावर तीनचा आकडा उमटतो. उजव्या पायावर असे चार काढायचे, डाव्यावर चार. उजव्याला हे लहानपणापासूनच यायचं, कुणी शिकवलं तेही तिला आठवत नव्हतं. डाव्यावर मात्र मांजराने ओरखडल्यासारखं काहीतरी उमटायचं आणि दुसरा पाय टेकायचा. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा कागदावर तेच: डावी बाजू कमकुवत.

मग तिने डाव्या पायाचा असा काही ध्यास घेतला की विचारता सोय नाही. दोन वर्षं रोज सकाळी, रिंक उघडायच्या तासभर आधी ती बर्फावर, आणि तो अख्खा तास डाव्याचा. घरी दात घासायचे ते डाव्या पायावर उभं राहून. भाजी चिरायला घेतली तरी तेच, म्हणून अक्काने तिच्या हातातली सुरी काढून घेतली होती. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघीच राहायच्या. अक्का लोकांचे कपडे उसवून बेतून द्यायची, स्वयंपाक करायची, खालून सामान आणायची. आईचं अंथरुणातलं शेवटचं वर्षही तिनेच काढलं होतं, कारण सकाळी डावीताईला सराव असायचा.

यंदा प्रशिक्षक निवृत्त होणार होते. व्यवस्थापकांनी गोड बोलून सांगितलं होतं की प्रमाणपत्र आणा, गट तुमचा. नाहीतर बाहेरून माणूस घ्यावा लागेल. बेचाळिसाव्या वर्षी असं कुणी पुन्हा विचारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेला अक्का शाल गुंडाळून कठड्यापाशी बसली होती. डाव्या पायावरचे चारही आकडे असे स्वच्छ उमटले की परीक्षक बाई वाकून बघत राहिल्या. डावीताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता उरला उजवा, म्हणजे घरचंच काम. पहिलं वळण झालं. दुसऱ्याला पातं घसरलं आणि दुसरा पाय टेकला.

नियमाप्रमाणे एकदा पुन्हा करायची मुभा होती. ती सुरुवातीच्या रेषेवर येऊन उभी राहिली. डावा चुकला असता तर खांदा कुठे, गुडघा किती वाकवायचा, वजन कधी सोडायचं, सगळं तिने झोपेतही सांगितलं असतं. उजव्याला तिने कधी काही शिकवलंच नव्हतं. तो आपला आपोआप चालायचा. आता तो कुठे चुकतोय हेच तिला कळेना. अंदाजाने निघाली, आणि पुन्हा पाय टेकला.

कागदावर लिहून आलं: डावी बाजू उत्तम. उजवी बाजू कमकुवत. सहा महिन्यांनी यावे.

व्यवस्थापकांनी कागद वाचून चुकचुक केली. सोमवारी नवीन प्रशिक्षक येतील, त्यांना बुटांची कपाटं दाखवा, असं सांगून ते निघून गेले. दोन वर्षांच्या मेहनतीवर माणूस किती सहज पाणी फिरवतो, हे तेव्हा बघायला हवं होतं.

बूट बदलायच्या खोलीत अक्काने तो कागद दोनदा वाचला.

"उजवा तर तुझा चांगला होता ना गं?"

"होता. म्हणून तर त्याच्याकडे बघितलं नाही."

अक्काने कागदाची घडी घालून तिच्या मांडीवर ठेवली. "माझ्याकडे तरी कुठे बघितलंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "वर्ष झालं, गुडघा धरून तीन मजले चढतेय. एकदा तरी विचारलंस?"

भिंतीला हात लावत अक्का उठली आणि दाराकडे निघाली. डावीताई तिच्या चालीकडे बघत राहिली. कोणता गुडघा, हे तिला खरंच माहीत नव्हतं.